शाल पांघरलेलं यंत्र

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा, एक विचारतो. जामीन राहणं म्हणजे सोबत राहणं, की पाळत ठेवणं? — नुसत्या माना डोलवू नका, उत्तर द्या! नाही येत? मग ऐका.

आपल्याच गावची अनसूया. गल्लीतल्या दहाजणींनी गट केला, एकमेकींना जामीन राहिल्या, कर्ज काढलं. अनसूयानं घेतलं मिरची कांडपाचं यंत्र. काय हात तिचा! गावभर मसाल्याचा ठसका, तालुक्याहून मागणी! दुसरं यंत्र घ्यायचं चाललं होतं. नवरासुद्धा तिला 'अहो' म्हणायला लागला — हसा, हसा, तुमच्या घरी कोण कुणाला 'अहो' म्हणतं ते ठाऊक आहे मला!

आणि तोच नवरा मोटारसायकलवरून पडला. दवाखान्यात सगळं गेलं, अनसूयाचे हप्ते चुकले. कर्जवाला साहेब गोड हसून म्हणाला, "एकीचं थकलं, की दहाहीजणींचं पुढचं कर्ज बंद."

झालं! नऊजणी दारात. पुढे गटाची अध्यक्ष शकुंतलाअक्का — अनसूयाची लहानपणापासूनची मैत्रीण!

"अनसे, यंत्र नेतोय. तुझे हप्ते आम्ही भरतो. पैसे फेड, यंत्र ने."

"अगं अक्का, यंत्रच नेलंस तर फेडू कशानं? मिरचीचा हंगाम तोंडावर आलाय गं!"

"नियम म्हणजे नियम, बाई."

यंत्र अक्काच्या ओसरीवर जाऊन पडलं. चालवणारं कुणी नाही, विकायचा धीर नाही. हंगाम गेला! अनसूया दुसऱ्याच्या कांडपावर रोजानं मिरच्या निवडायला लागली. संध्याकाळी हाताची आग घेऊन त्याच ओसरीसमोरून घरी जायची. रडली नाही, पण आतून पार तुटली हो!

पुढं गटाचा सत्कार झाला. परतफेड शंभर टक्के! याच मांडवात! दहाही नावं पुकारली. अनसूयानं शाल घेतली, टाळ्या पडल्या. खाली उतरली ती तडक अक्काच्या ओसरीवर. शाल उलगडली, यंत्रावर नीट पांघरली. मागनं धावत आलेल्या अक्काला म्हणाली, "धूळ बसतीय गं. तेवढं तरी बघायचंस."

मंडळी, शाल अजून तिथंच आहे. आजच्या महाप्रसादाच्या आमटीला मसाला पाकिटातला आणलाय. त्या दिवशी टाळ्या कुणी वाजवल्या? मीही होतो, तुम्हीही होता. चला, चौघंजण उठा, ते यंत्र तिच्या दारात ठेवून या. मी थांबतो.

उठा की!

...कुणीच नाही? बरं. मग टाळ घ्या हातात, आणि म्हणा मोठ्यानं, विठ्ठल, विठ्ठल! तेवढं जमतं आपल्याला.