नवं पातं

लिव्हरच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर शिक्षिका आपल्या नंबराची वाट बघत होती. मागच्या बाकावर न्हावी आणि त्याची बायको बोलत होते.

“ताट वेगळं केलं म्हणून अजून फुगून बसलात?”

“हेपॅटायटिस सी ताटातून पसरत नाही. रक्तातून पसरतो.”

“लिव्हर इतकं खराब होईपर्यंत कळलं कसं नाही?”

“ते वर्षानुवर्षं मुकाट सोसतं म्हणे.”

“माझ्यासारखंच.”

“तीन महिने गोळ्या घेतल्या की बरं वाटेल.”

“आणि दुकानातली गिऱ्हाइकं?”

“प्रत्येकाला नवं पातं. चाळीस वर्षांत चूक नाही.”

“घरी?”

“घरी कशाला बदलायचं? मी आणि थोरला, दोघंच तर वापरतो.”

बाक करकरला.

“कुठे निघालीस?”

“थोरल्याला फोन लावते. अजून दाढी केली नसेल.”