रेडिएशनचा पहिला दिवस

आमच्या सुधाकरचं सांगतो. अणुवीज नको म्हणून त्याने नाशकात वीस वर्षं सभा घेतल्या. मी किरणोत्सर्गाची सुरक्षा तपासणारा सरकारी माणूस. भर सभेत मला उभं करून तो विचारायचा, "खरं सांग, काय काय लपवलंस?" उत्तरं देऊन देऊन मी दमलो आणि शेवटी निवृत्त झालो.

गेल्या महिन्यात त्याला घशाचा कॅन्सर निघाला. रेडिएशनच्या पहिल्या दिवशी मीच सोबत गेलो. तो दारातच थबकला. भिंतीवर मशीनच्या तपासणीचं प्रमाणपत्र लावलं होतं.

"यावर सही कोणाची आहे रे?"

"नव्या साहेबांची. मी कुठे आहे आता नोकरीत?"

त्याने ती सही पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाला, "तुझी असती तर बरं वाटलं असतं," आणि आत गेला.