लिफ्टवाला जिन्याने येतो

...नाही, पण मला सांगा, लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस सात मजले जिन्याने धापा टाकत आला, तर त्यात दात काढण्यासारखं काय आहे? बावीस वर्षं हेच काम करतोय मी! भीती नाही हो... नुसते पाय आत जात नाहीत!

झालं काय, चार महिन्यांपूर्वी एका इमारतीत दुरुस्ती आटोपली, तर एक आजी म्हणाल्या, "चालू झाली ना?" मी म्हटलं, "हो, चला की!" आम्ही दोघं आत, दार बंद, आणि सहाव्यावरून जी सुटली ती थेट तिसऱ्यावर! दिवे गेले, आजींचा पाय मोडला, मला साधा ओरखडा नाही. तेव्हापासून तुम्हाला सांगतो, कुठे 'टिंग' वाजलं की मी टेबलाखाली! परवा बायको वाकून बघते, "अहो, बाहेर या, मायक्रोवेव्ह वाजला, दूध गरम झालंय!"

मेहुणा म्हणतो, "भाऊजी, विसरून जा!" अरे, डोक्याला काय बटण आहे?

शेवटी बायकोने एका मानसोपचारवाल्या बाईंकडे नेलं. तळमजल्यावर बसतात, म्हणून गेलो! बाई म्हणाल्या, "उपचार तीन आहेत. एक, डोळे मिटून सगळं आत्ता घडतंय असं सांगायचं, पुन्हा पुन्हा, आणि जे टाळताय तिथे हळूहळू जायचं. दुसरा, प्रसंग आठवत माझ्या बोटामागे डोळे फिरवायचे. तिसरा, मनातले विचार वहीत लिहून तपासायचे." मी आपला दोरखंड निवडावा तसा विचारतो, "यातला मजबूत कुठला?" तर म्हणतात, "तिन्हींनी माणसं बरी होतात. अर्ध्यात सोडणार नाही तो घ्या." अहो, मला तर तिन्ही तिथल्या तिथे सोडावेसे वाटत होते!

वही घेतली. वाटलं, लिहायला काय जातंय? लिहिलं, 'लिफ्टमध्ये गेलं की मरण.' पुरावा? एकदा पडलो. उलट पुरावा? बावीस वर्षं पडलो नाही! डोक्याला पटलं. भीती नाही हो... नुसते पाय आत जात नाहीत!

मग वही ठेवली आणि पहिला उपचार घेतला, डोळे मिटून सांगायला बसलो. पहिल्यांदा शर्ट भिजला. दुसऱ्यांदा पळून व्हरांड्यात. पाचव्यांदा... आजी विचारतात, चालू झाली ना, आणि मी म्हणतो, हो... त्या 'हो'ने मोडला हो त्यांचा पाय! बाई हळूच म्हणाल्या, "चौकशीत काय निघालं?" मी म्हटलं, "ब्रेकचा तुकडा आतून चिरलेला होता. डोळ्यांना दिसणं शक्य नव्हतं." "मग तुम्ही खोटं बोललात?" एवढा मोठा बाप्या मी, ढसाढसा रडलो.

पुढच्या आठवड्यात बाई मला लिफ्टपाशी घेऊन गेल्या. पाय आत टाकला, दार बंद... एक... दोन... आणि उघडलं! मी उभा! जिवंत!

"शाब्बास!" बाई म्हणाल्या. "आता रोज लिफ्टमध्ये बसायचं, वर-खाली करायचं, भीती ओसरेपर्यंत बाहेर यायचं नाही. महिनाभर."

म्हटलं, बाई, याला उपचार म्हणतात? आमच्याकडे याला नोकरी म्हणतात!