दुपारची सही

आमी मूळचे घोडेगावाकडचेच. बैलबाजाराच्या रस्त्याला माझं मेडिकल हाय, अशोक मेडिकल, कोनालाबी इचारा. मी चौथीत हुतो तवा आई गेली, बाप त्याच्या आधीच गेल्ता, मग मला वाढवलं ते दादानं आन वैनीनं, म्हंजे वैनीनंच, कारन दादा कायम जनावरांच्या सौद्यात. वैनी तवा सोताच पोर, नुकती लगीन होऊन आलेली. पुढं मी फार्मसीच्या डिप्लोमाला नगरला जायला लागलो तर माझा पांढरा कोट ती नीळ घालून धुवायची, इस्त्री न्हवती तर तांब्यात इंगळ भरून त्यानं दाबायची, आन आयाबायांना सांगायची, आमचे भाऊजी डॉक्टर हुनार. मी म्हनायचो, वैनी, डॉक्टर न्हाई वो, फार्मासिस्ट. ती म्हनायची, एकच की. एकच नसतंय ते, पन मलाबी ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तर आमाला नोंदनी नवी करायची तर मधूनमधून रिफ्रेशर कोर्सला बसावं लागतंय. नगरला एका हॉलमदी असतोय. हजेरीच्या कागदावर दोन रकाने, सकाळचा आन दुपारचा. आमी मेडिकलवाले काय करायचो, सकाळीच दोन्हीकडं सह्या ठोकायच्या, पोहे खायाचे आन हळूच निसटायचं, नगरला आलोच हाय तर होलसेलवाल्याकडनं माल भरून न्यायचा. मी एकटा न्हाई, लई जन करायचे, पन आता त्याचा काय उपयोग. त्या दिवशी दुपारचा विषय हुता वाढतं ऊन, झाडपाल्याची औषधं आन मानसाची तब्येत. आमी हसलो. म्हनलं, झाडपाला आमाला ह्या बाई शिकवनार व्हय. आन काय सांगू तुमाला, त्याच दुपारी मी होलसेलमधनं ज्येष्ठमधाच्या पावडरीचे डबे आनले. सर्टिफिकेट मातर मिळालं. काउंटरच्या मागं फ्रेम करून लावलंय, बघा, अजून तिथंच हाय.

त्या वर्षी ऊन असं पडलं की शिमग्यालाच पत्रे तापले. पूर्वी असं न्हवतं. वैनी दिवसभर कांद्याच्या चाळीत कांदा निवडायची, वरून पत्रा, खाली धूळ, तिला खोकला लागला, कोरडा, जाईच ना. बीपीची गोळी तिला चालूच हुती, ती लघवी जास्त हुनारी असती ती, मीच द्यायचो. ती म्हनली, भाऊजी, आनखी गोळी नका देऊ, पोटात आग हुती, कायतरी आयुर्वेदिक द्या. मी ज्येष्ठमधाचा डबा काढला आन म्हनलो, हे घ्या वैनी, झाडपाल्याचं हाय, कितीबी घ्या, अपाय न्हाई. हे वाक्य मी समद्यांनाच म्हनायचो, सवयीनं. पन वैनीनं ते माझं म्हनून धरलं. कितीबी म्हनलो ना मी, तर तिनं दिवसातनं चार-पाच बार घेतलं, गरम पान्यातनं, डबा संपला की दुसरा. मीच द्यायचो.

मग तिच्या पायात गोळे यायला लागले, हातपाय गळाले, छातीत धडधडायचं. मी म्हनलो ऊन बाधलं, पन्हं प्या. एक दिवस चाळीतच बसली ती उठलीच न्हाई, टेम्पोत घालून नगरला नेली. तिथला डॉक्टर म्हनला, पोटॅशियम लई खाली गेलंय, हृदयाचे ठोके बिघडलेत, काही देशी औषध चालू हुतं का. मी तिथंच उभा, दादा माझ्या बाजूला, औषधाचं समदं तो माझ्यावरच सोडायचा. मी म्हनलो, न्हाई.

का म्हनलो, मलाबी न्हाई सांगता यायचं. मला खरं ठाऊक न्हवतं की त्याच्यानं असं हुतंय. पन डॉक्टरनं इचारलं तवा डोळ्यापुढं तो डबाच आला, म्हंजे कुठंतरी कळलं हुतं. मेडिकलवाला मी, लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी वैनी गेली. मी व्हय म्हनलो असतो तर वाचली असती का, हे मी कोनाला इचारू.

पुढच्या रिफ्रेशरला मी दुपारी बसलो. एकट्यानं पार पुढच्या खुर्चीवर. त्याच बाई शिकवत हुत्या, म्हनल्या, उन्हात घाम जातोय, वरून लघवीची गोळी, आन त्यात ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर पोटॅशियम उतरतं, मानूस दगावू शकतोय, म्हनून औषध देताना आनखी काय घेता हे इचारत जा. मागच्या बारीलाबी हेच सांगितलं हुतं, म्हनल्या. त्या दुपारच्या रकान्यात माझी सही हाय. 

तवापासनं मी समद्यांना इचारतो, काढा घेता का, पावडर घेता का. गिऱ्हाइकं वैतागतात, म्हनतात, अशोकशेठ, गोळ्या द्या की गप.

दादा थकलाय आता. बीपी त्यालाबी निघालं. सकाळी येतो, ह्या स्टुलावर बसतो, पेपर वाचतो. परवा खोकत आला आन म्हनला, अशोक, तुझ्या वैनीला देत हुतास ती पावडर दे मला, तिला तिनंच बरं वाटायचं. मी म्हनलो, संपली. तर म्हनला, मागव मग, तुझ्या हातचंच घेईन, दुसऱ्यावर माझा भरवसा न्हाई.

म्हनून तुमा पेपरवाल्यांना बोलावलं. तोंडानं मला दादाला सांगता येईना, लई डाव प्रयत्न केला. तुमी नाव बदलू का म्हनलात, नका बदलू. हे छापून आलं की मी त्याच्या हातात देनार. चष्मा लावून तो समदं वाचतो, एक ओळ सोडत न्हाई. वाचल्यावर ह्या स्टुलावर बसायचं का न्हाई, ते मग त्यानं ठरवावं.