पाणबुड्याची छाती

डॉक्टर: अदलाबदल झालेली नाही. हा स्कॅन तुमचाच आहे, आज सकाळी काढलेला.

पाणबुड्या: अहो डॉक्टरबाई, न्यूमोनियाला वर्ष होत आलं. ताप नाही, खोकला नाही, दोन माणसांचं एकटा जेवतोय. मी आपला फिट असल्याचा दाखला न्यायला आलो. उद्यापासून धरणाच्या दारांचं काम आहे, खाली उतरायचंय.

लेक: बाबा, ऐकून तरी घ्या.

डॉक्टर: इकडे बघा. हे काळं दिसतंय ती हवा. आणि कडेनं ही पांढरी जाळी? ते व्रण आहेत. आजार गेला, पण फुप्फुसावर वण ठेवून गेला.

पाणबुड्या: पण... जातील ना ते?

डॉक्टर: काहींचे विरतात. तुमचे सहा महिन्यांपूर्वीच्या स्कॅनमध्ये होते तेवढेच आहेत; तेव्हा वाटलं होतं, विरतील. आता जातील असं मला वाटत नाही.

पाणबुड्या: मला तर काहीच होत नाही.

लेक: होतं, बाबा. हल्ली तुम्ही बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडता. आई म्हणते, विसरतात. मलाही तेच वाटायचं.

डॉक्टर: पाण्याखाली जायचं नाही. या जागी हवा अडकली, तर वर येताना फुप्फुस फुटू शकतं.

पाणबुड्या: मिसरूड फुटायच्या आधीपासून पाण्यात आहे मी. जमिनीवरचं एक काम मला धड येत नाही.

लेक: उद्या मी उतरते. परवाना आहे माझ्याकडे. तुम्हीच शिकवलंय.

पाणबुड्या: हं. तू उतर... नाही, थांब. तापानं तूही पडली होतीस. माझ्याबरोबरच.

लेक: माझा साधा होता. घरीच गेला. मला आता काही होत नाही.

पाणबुड्या: मी इतका वेळ काय बोलत होतो मग? डॉक्टरबाई, हिची छाती कुणी बघितलेलीच नाही.

डॉक्टर: साध्या तापात सहसा असं होत नाही. पण ती पाण्यात उतरणार असेल, तर बघून घेऊ. आजच.

लेक: बाबा, उगाच काय?

पाणबुड्या: गळ्यातली साखळी काढ. दे माझ्याकडे. आणि आत श्वास रोखायला सांगतील, तेव्हा फुशारकी मारू नकोस. सोड म्हणाले की सोड.

(दुपारी, त्याच खोलीत.)

डॉक्टर: आधी बसा. हिच्या छातीत काही नाही. दोन्ही बाजू स्वच्छ आहेत.

पाणबुड्या: नीट बघितलंत?

डॉक्टर: दोनदा.

लेक: ऐकलंत ना? चला आता, घरी आई वाट बघत असेल. चेहऱ्यावरचा रंग उडालाय तुमच्या.

पाणबुड्या: थांब गं जरा. डॉक्टरबाई, हिचा तो फोटो पुन्हा लावा... काळाभोर. कुठे एक रेघ नाही. माझी छातीपण आधी अशीच होती का?