निळ्या फडक्यातली टेप

सगळ्यात आधी उगवले ते रेकॉर्ड कंपनीचे व्हिटलॉकसाहेब, पांढऱ्या बुटांत, आणि आमच्या अंगणात ताजं शेण पडलेलं, एवढं आधी लिही. तर लिओनेल हवालदार म्हणतो, "आजी, आधी नाव-गाव." अरे, तुझ्या बाप्तिस्म्याला तुला हातांत धरून मीच उभी होते, तुला माझं नाव ठाऊक नाही? पण कायदा आहे म्हणतो. बरं.

नाव देओलिंदा सिल्वेरा, वय वर्षे बाहत्तर. धंदा गायी-दुधाचा, तो आता मुलगा बघतो, मी कोंबड्या बघते. शिक्षण अझोर बेटांवर होतो तेव्हा दुसरीपर्यंत. राहणार सान ब्राउलिओचं खोरं, कॅलिफोर्निया. समक्ष हजर राहून, आमच्या पोर्तुगीज बोलीत, जबाब देते तो असा :

माझ्या मुलाची मुलगी फिलोमेना, आम्ही मेना म्हणतो, गाणी लिहिते आणि स्वतःच गाते. गाणी मऊ असतात. गिटार, पियानो, आणि ढोलवाला काठ्यांऐवजी कुंचल्यांनी वाजवतो, जणू पाळण्यातलं पोर उठेल. तिची पहिली रेकॉर्ड लॉस एंजेलिसला झाली. तिच्यावर कंपनीने इतकी व्हायोलिनं ओतली की पोरीचा आवाज सापडेना. मी म्हटलं, "मेना, ह्यात तू कुठे आहेस गं?" ती म्हणाली, "मी पण तेच शोधतेय, आजी." म्हणून दुसरी रेकॉर्ड तिने आमच्या जुन्या गोठ्यात केली. ध्वनिमुद्रण करणारा वॉरेन हॅगर्टी यंत्रं घेऊन आला. दूध थंड करायच्या सिमेंटच्या खोलीत त्याने एक कर्णा ठेवला नि एक माइक. गोठ्यातला आवाज त्या खोलीत फिरून येतो तेव्हा गोल होऊन येतो. माझा नवरा हयात असताना त्याच खोलीत शिव्या द्यायचा, त्याही गोलच ऐकू यायच्या.

लिओनेल म्हणतो, हे नको. मी म्हणते, ठेव.

सदर वॉरेन सज्जन आहे. जेवला की स्वतःची थाळी स्वतः धुतो. सगळी गाणी पक्की करून त्याने एका टेपवर घेतली. ती टेप चपट्या डब्यात घालून मेनाने माझ्या हातात दिली. म्हणाली, "आजी, कंपनीचे लोक रविवारी न्यायला येणार. नेली की पुन्हा व्हायोलिनं घालणार. करारात त्यांना तसा हक्क आहे." एवढं बोलून ती बाहेर गेली आणि कुंपणाशी उभी राहिली.

यंदा आमच्या चर्चच्या उत्सवातला पवित्र आत्म्याचा मुकुट आमच्या घरी होता. उत्सवाच्या आधी मुकुट ज्याच्या घरी असेल तिथे लोक घरात मांडलेल्या वेदीपाशी नवस ठेवतात. मी सदरहू डबा माझ्या निळ्या भरतकामाच्या फडक्यात गुंडाळला नि मुकुटाखाली ठेवला. नवस बोलले, की पोरगी जशी गायली तशीच जगाला ऐकू जाऊ दे. चोरी वगैरे काही नाही. डबा देवापाशी होता.

आता चूक कुठे झाली ते सांगते. दरवर्षी मी उत्सवाच्या लिलावाला गोड पाव देते, तो त्याच निळ्या फडक्यात. अख्खं खोरं ते फडकं ओळखतं. रविवारी लिलावाच्या वस्तू गोळा करणारी गाडी आली तेव्हा मी उत्सवाच्या हॉलमध्ये सूपच्या कढया ढवळत होते. गाडीवाल्यांनी वेदीपाशी फडकं बघितलं, उचललं. पाव तिकडे ओट्यावर निवत राहिला. लिलाव करणाऱ्याने डबा उंच धरून आरोळी ठोकली म्हणे, "देओलिंदाबाईंचा गोड पाव! यंदा विटेसारखा वजनदार!" बोली ओर्लांदो माशादोने जिंकली. हा शेजारचा गवळी, विधुर आहे, गोडखाऊ आहे.

मी घरी परतले तोवर व्हिटलॉकसाहेब आले. त्यांच्याबरोबर व्हायोलिनांची रचना करणारे पेलसाहेब होते, ते बारीक आणि अबोल. टेप कुठे म्हणून विचारलं. मी वेदीपाशी नेलं, तर तिथे काही नाही. मेनाचा चेहरा पांढरा पडला. साहेबांनी सगळ्यांसमक्ष वॉरेनकडे बोट केलं, की व्हायोलिनं टाळायला ह्यानेच लपवली. आणि ठाण्यात येऊन तक्रार दिली.  वॉरेनची टोपी तेवढी हातात फिरत होती.

सोमवारी सकाळी ओर्लांदो डबा काखेत घेऊन आला. "देओलिंदा, तुझा पाव ह्या वेळी फारच कडक झालाय. सुरी चालेना."

मी म्हटलं, "अरे गाढवा, तू फडकं सोडून बघितलंस का?"

"बघितलं ना. आत पट्टी निघाली. मला वाटलं, गुंडाळीचा केक असेल!"

सकाळीच पेलसाहेबांसह परत आलेले व्हिटलॉकसाहेब धावले, हात पुढे केला. ओर्लांदोने डबा पाठीमागे नेला. आमच्याकडे पवित्र आत्म्याच्या नावाने बोली लागलेली वस्तू परत मागत नाहीत, ज्याची त्याने राजीखुशीने द्यायची असते. तो म्हणाला, "मी काय विकत घेतलं ते आधी ऐकवा. मग बघू."

सगळे गोठ्यात गेलो. वॉरेनने टेप लावली. साहेब दुधाच्या कॅनवर बसले. पहिलं गाणं झालं तसे ते म्हणाले, "इथे मागे व्हायोलिनं भरली की उठेल." ओर्लांदो म्हणाला, "उठवायचं कशाला, साहेब? बसलंय ते चांगलं बसलंय." मेना हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसली.

पुढे सगळी गाणी झाली. मला इंग्रजी कळतं ते कामापुरतं. पण शेवटच्या गाण्यात मेना आमच्या बोलीत गायींना हाका मारते, आजोबा संध्याकाळी मारायचे तशा, हळू. त्या सिमेंटच्या खोलीतून त्या हाका परत येतात तेव्हा वाटतं कोणीतरी उत्तर देतंय. बाहेरच्या कुरणातली आमची म्हातारी गाय खरंच येऊन दारात उभी राहिली. कोणी हाकलली नाही.

टेप संपून नुसतीच फिरत राहिली. व्हिटलॉकसाहेबांनी पेलसाहेबांकडे बघितलं. पेलसाहेब सकाळपासून पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "माझ्यासाठी इथे जागाच नाही. मी जे घालीन त्याखाली ती मुलगी दबून जाईल." आणि वहीची कोरी पानं मिटून खिशात ठेवली. व्हिटलॉकसाहेबांनी आपले शेणाने भरलेले बूट बघितले. मग म्हणाले, "जशी आहे तशी."

ओर्लांदोने डबा मेनाच्या हातात दिला, मेनाने साहेबांच्या.

माझी कोणाहीविरुद्ध तक्रार नाही. वॉरेन हॅगर्टीविरुद्धची रद्द व्हावी, कारण तो बाहेर बाकावर बसलाय आणि त्याचं जेवण व्हायचंय. साहेबांनी स्वतः कालची तक्रार मागे घेत असल्याचं लिओनेलला सांगितलं आहे, पण कागद एकदा लिहिला की त्याला उत्तर लागतं, म्हणून मी आले.

लिओनेलने हे इंग्रजीत उतरवून मला आमच्या बोलीत वाचून दाखवलं. शिव्यांचं वाक्य त्याने गाळलं होतं, ते मी परत घालायला लावलं. बाकी मी सांगितलं तसंच आहे. सही मला नावापुरती येते, ती खाली केली आहे.

व्हिटलॉकसाहेब आणि पेलसाहेब रेकॉर्डच्या वेष्टनासाठी गोठ्याचा फोटो काढायला येत्या शनिवारी परत येतो म्हणून सांगून गेले.