गुणी बंड्या

आपल्या कुत्र्याचे, बंड्याचे केस शेवटी शार्दूलनेच घरी कापले, तेही उजव्या बाजूचेच. पण असं काही घडलंच नाही असा चेहरा करून, पट्टी बांधलेला हात वर्तमानपत्राखाली दडवून, तो कोरमंगल्याच्या दवाखान्यात इंजेक्शनसाठी बसला होता. शेजारी कुत्र्यांचे केस कापणारे दोन दुकानदार एकमेकांना भेटले: जे. पी. नगरचे कल्लाप्पा आणि इंदिरानगरच्या आसावरीबाई.

"कल्लाप्पाअण्णा, तुम्हालाही?"

"चावलं की वो, अक्का! तुम्हीच धाडलासा. फोनवर 'फार गुणी आहे' म्हणालासा."

"अहो, आपलं ठरलंय ना? मालक समोर असतो, म्हणून चावऱ्याला 'गुणी' म्हणायचं."

"ते सरी, बरोबर. पण गेल्या खेपेला खरंच गुणी कुत्रं धाडलासा, अन् मी भिऊन शटर ओढलो. गिऱ्हाईक गेलं की. म्हणून या खेपेला घेतलो."

"मग चांगल्याला काय म्हणू?"

"स्वल्प नालायक म्हणा."

"मालकासमोर?"

"बरं, हे चावरं कुणाचं?"

"इथलंच. बंड्या. त्याच्या मालकीणबाई सांगत होत्या, 'दोन्ही दुकानांत याला गुणी म्हणतात, आमच्या ह्यांची छाती फुगते.'"

"मी तर त्याला तुमच्याकडंच परत धाडलो होतो."

"हो, 'अतिगुणी' म्हणून! ही बघा करंगळी. आता मी नाही घेणार."

"मी पण नाही. घरीच कापा म्हणून सांगू."

"घरी? एवढा बावळट कोण असेल?"

शार्दूल वर्तमानपत्राआडून खाकरला.

"उभय दुकानदारांस नम्र विनंती, की सदर कुत्र्याची उर्वरित डावी बाजू आपसांत विचारविनिमय करून कोणीतरी कापून द्यावी."